क्लचमास्तरांना फुटलेलं शेपूट

शहरातल्या रस्त्यांवर जी थोडीफार शिस्त दिसते तिचं श्रेय, आणि जो भरपूर गोंधळ दिसतो त्याचा दोष, दोन्ही एकाच माणसाच्या दारात नेऊन टाकावे लागतात. तो माणूस म्हणजे क्लचमास्तर. निम्म्या शहराला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. उरलेल्या निम्म्या शहराला त्यांनी सांगितलं, की हे तुमच्याच्याने होणार नाही. तरीही ती मंडळी चालवताहेत.

मास्तरांचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं. पण एका शिकाऊ विद्यार्थ्याने त्या पाटीवरच गाडी घातल्यापासून ते वाचता येत नव्हतं. 'क्लच!' ही त्यांची आरोळी मात्र चार गल्ल्या ओलांडून ऐकू जायची, म्हणून लोकांनी तेच नाव लावलं. शिकवणीच्या गाडीला मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. सगळी हयात त्या ब्रेकवर गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय स्वतंत्र झाला होता. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याजवळ आला की पाय खाली दाबला जाई. बायको बोलता बोलता नको त्या विषयाकडे वळू लागली की सोफ्यापुढची फरशी दाबली जाई. फरशी दाबून बायको थांबत नाही हे मास्तरांना कळलं होतं, पण पायाला कोण सांगणार?

मास्तरांचा जीव होता तो रिव्हर्समध्ये. "पुढे काय, उतारावर सोडलं तर पिंपही जातं," ते म्हणत. "माणसाची लायकी मागे जाताना कळते!" शिकवणीच्या मैदानात त्यांनी पत्र्याची पिंपं मांडली होती. त्यांच्यामधून एका दमात, मध्ये पुन्हा पुढे न येता, गाडी मागे घ्यायची. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, वरच्या अंगाला धरायचं. कुणी आळसाने एका हाताने खालून धरलं, तर मास्तर त्या हातावर फूटपट्टीची टिचकी मारत. हात न्यायाधीशाचा आहे की नवरदेवाचा, हे ते बघत नसत.

मास्तरांची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. "श्वास रोखा... सोडा" एवढ्या दोन आज्ञांवर तिने शहराच्या छातीवर राज्य केलं होतं. मास्तरांना शहराचे हातपाय माहीत, हिला हाडं. पण तिच्या खोलीला खिडकी नव्हती. दार जाडजूड, भिंती जाडजूड, आणि दिवसभर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. तिची एकच इच्छा होती, आणि ती तिने लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवली होती. एकदा अशा बिछान्यात जाग यावी, की डोळे उघडले की खिडकी, आणि खिडकीत पाणी. "नळाचं नव्हे," असंही ती स्पष्ट करायची, कारण नवरा तिला ठाऊक होता.

त्या इच्छेपोटी मास्तरांनी कॅम्पर ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची दोन चाकांची पेटी. मुक्कामाला पोहोचलं की तिचं झाकण उघडायचं, कापडी तंबू वर उभा करायचा, आत ऐसपैस बिछाना आणि बिछान्याला मोठी खिडकी. मागच्या फळीतून शेगडीसुद्धा बाहेर यायची. बायको त्या खिडकीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. दुकानात खिडकीतून समोरचं टायरचं गोदाम दिसत होतं, तरीही.

मास्तर ट्रेलर घेऊन निघाले ते मिरवणुकीच्या थाटात. गल्लीत आले. अंगणात गाडी मागे घ्यायला त्यांनी मान वळवली, हात अंगणाच्या दिशेने फिरवला, आणि ट्रेलर निघाला उलट्या दिशेला, शेजाऱ्याच्या कुंड्यांकडे. मास्तर चमकले. पुन्हा घेतला. पुन्हा कुंड्या. तिसऱ्या वेळी गाडी आणि ट्रेलर यांची अशी घडी पडली, की दोघं एकमेकांच्या कानात काहीतरी सांगताहेत असं वाटावं.

ट्रेलर जोडला की रिव्हर्सचे सगळे नियम उलटे होतात. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रेलर डावीकडे जातो. ज्याला काहीच येत नाही तो हे दोन दिवसांत शिकतो. पण ज्याच्या हाडात सुलटा रिव्हर्स मुरला आहे त्याचे हात डोक्याचं ऐकत नाहीत. मास्तरांनी खाली उतरून जाहीर केलं, "जोडणीत दोष आहे." मग ट्रेलर सोडवून, पाच शेजाऱ्यांना हाक मारून, तो हातांनी ढकलत अंगणात लावला. त्या दिवसापासून मास्तर सहलीला निघाले की शेजारी आधीच कंबरेला पट्टा बांधून ठेवू लागले.

सहली झाल्या, पण काय सहली! पहिल्या ठिकाणी जागेत मागे घ्यावं लागणार हे दिसताच मास्तर म्हणाले, "जमीन ओलसर आहे, आपल्याला मानवणार नाही." दुसऱ्या ठिकाणी शेजारी गोंगाट करणारे निघाले, ते शेजारी म्हणजे एक म्हातारं जोडपं होतं आणि दोघंही झोपले होते. तिसऱ्या ठिकाणी तर मास्तरांनी मैदानाला सबंध प्रदक्षिणा घातली, खिडकीतून हात हलवला आणि थेट घर गाठलं.

"आपण फिरायला जातो म्हणजे खरंच फिरायलाच जातो, नाही?" बायको शांतपणे म्हणाली. "थांबत कुठेच नाही."

इकडे तिच्या धाकट्या भावाची त्या ट्रेलरवर नजर होती. त्याला सँडविचची गाडी टाकायची होती. तो येता-जाता ट्रेलरला टेप लावून बघायचा. "भाऊजी, तुम्हाला वापर नाही, मला द्या. ही खिडकी काढली की तिथे तवा बसतो बघा नेमका!"

'खिडकी काढली की' हे शब्द ऐकून बायकोचा चेहरा क्षणभर तिच्या त्या खोलीसारखा झाला. त्याच संध्याकाळी तिने निकाल दिला. "अहो, मी रजा टाकली आहे. या रजेत पाण्याकाठी झोपायला मिळालं तर ठीक. नाहीतर देऊन टाकू त्याला. अंगणात मिटून पडलेली खिडकी बघवत नाही मला."

"अगं, मिळेल ना! जागा चांगली सापडली की..."

"जागा सापडली आहे. तळ्याकाठी. शेपूटवाले जमणार आहेत तिथे. मी आपलं नाव घातलंय."

शेपूटवाले म्हणजे कॅम्पर ट्रेलरवाल्यांचं मंडळ. गाडीला मागे शेपूट असलेली माणसं म्हणून स्वतःच स्वतःला त्यांनी हे नाव दिलेलं. दर महिन्याला कुठेतरी जमायचं, हत्यारं एकमेकांना द्यायची, अडलेल्याला सोडवायचं. मास्तरांनी त्यांचं निमंत्रण आजवर तीनदा परत पाठवलं होतं.

"मला मंडळ-बिंडळ लागत नाही," मास्तर छाती काढून म्हणाले. "वाघ कधी कळपात बघितलायस?"

"वाघाला रिव्हर्स येतो का?"

फरशी जोरात दाबली गेली.

"तुला... कधी कळलं?"

"अहो, मी माणसांच्या आतलं बघायचा पगार घेते," बायको म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. कुंड्या कुणाच्या फुटल्या होत्या?"

मास्तर तळ्याकाठी गेले ते फासावर जाताना माणूस जसा नीटनेटका होतो तसे. इस्त्रीचा शर्ट, भांग, आणि गळ्यापर्यंत बटणं. आपली जी अब्रू जायची ती आज, सर्वांदेखत, एकरकमी जाणार हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मैदानात दहा-बारा ट्रेलर लागलेले होते. मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून मंडळी चहा पीत बसलेली. आणि मोकळी जागा दाखवायला हात हलवत जी बाई पुढे आली तिला बघून मास्तरांचा पाय खाली गेला. या खेपेला खाली खराखुरा ब्रेक होता. बायकोचं डोकं समोर आपटता आपटता वाचलं.

ती बेकरीवाली होती. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती इतक्या वेळा नापास झाली होती की पिंपांनासुद्धा तिची गाडी ओळखू यायची. शेवटी मास्तरांनी तिला सांगितलं होतं, "बाई, तुम्ही भट्टीच सांभाळा. रस्त्याला तुमची भीती वाटते." नंतर ती दुसऱ्या स्कूलमधून पास झाली, आणि मास्तरांनी त्या स्कूलशी बोलणं सोडलं.

"या मास्तर! वहिनी, या!" बेकरीवाली ओरडली. "ते झाड आणि माझा ट्रेलर, मधली जागा तुमची!"

इतक्यात एका आडदांड प्लंबरने चहाच्या मगावर चमचा वाजवला, टण् टण् टण्. आणि बसलेली सगळी माणसं उठली, खुर्च्या फिरवल्या, आणि मास्तरांकडे पाठ करून तळ्याकडे तोंडं करून बसली. एकानेही वळून बघितलं नाही.

मास्तरांचे कान लाल झाले. "बघितलंस? बहिष्कार! पाय ठेवला नाही अजून आणि बहिष्कार! चल, घरी चल."

"जरा थांबा," बायको म्हणाली, कारण बेकरीवाली खिडकीशी आली होती.

"रागावू नका मास्तर, आमची रीत आहे ही. नवा माणूस शेपूट लावायला लागला की सगळ्यांनी पाण्याकडे बघायचं. इंजीन बंद होईपर्यंत वळायचं नाही. हसायचं नाही. सल्ला तर मुळीच द्यायचा नाही."

"असं का?"

"आधी सगळेच बघायचे, सगळेच सांगायचे. एक म्हणे डावीकडे, एक म्हणे उजवीकडे, एक म्हणे माझा मेहुणा असता तर. त्यात दोन ट्रेलर मोडले आणि एक लग्न. तेव्हापासून बोलायचं ते फक्त एकाने."

"आणि तो एक कोण?"

"आज माझी पाळी," बेकरीवाली म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते कोणत्याही रीतीत बसणारं नव्हतं.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती गाडीतून उतरून झाडाखाली उभी राहिली होती. हाताची घडी, नजर मिटलेल्या ट्रेलरवर. मास्तरांनी घसा साफ केला.

"सांगा."

"स्टिअरिंग खालून धरा. एका हाताने."

"काय?"

"खालून. एका हाताने."

"बाई, खालून धरणाऱ्यांना मी..."

"ठाऊक आहे. फूटपट्टी मीच खाल्लीय. धरा आता."

मास्तरांनी चोरट्यासारखं आजूबाजूला बघितलं. खरंच कुणी बघत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वरून काढले आणि एक हात खाली नेला. आपल्याच घरात आपणच खिडकीतून शिरावं तसं वाटलं त्यांना.

"आता हात जिकडे न्याल तिकडे शेपूट जाईल. हात डावीकडे, शेपूट डावीकडे. एवढंच. डोकं लावू नका. तुमचं डोकं फार शिकलेलं आहे, तेच आडवं येतंय."

मास्तरांनी हात डावीकडे सरकवला. ट्रेलर डावीकडे गेला. पाळलेलं कुत्रं पहिल्यांदा हाकेला यावं तसा आनंद त्यांना झाला, आणि त्या आनंदात हात जरा जास्तच सरकला. ट्रेलर वाकडा झाला, गाडीची आणि त्याची घडी पडू लागली.

"पुढे या," बेकरीवाली म्हणाली.

"पुढे आलो तर नापास!"

"कोण करणार नापास? परीक्षक गाडीत बसलाय आणि बाकीचे सगळे बदकं बघताहेत. पुढे या, सरळ करा, परत मागे. आमच्यात पुढे यायला कितीही वेळा परवानगी आहे. प्लंबर पहिल्यांदा इतक्या वेळा पुढे आला होता की आम्हाला वाटलं, घरीच निघाला."

तळ्याकडे तोंड केलेला प्लंबर मान न वळवता म्हणाला, "बोलायचं एकानेच असं ठरलंय, नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे."

मास्तर पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा, रिव्हर्स अर्धवट सोडून, राजीखुशीने पुढे आले. मागे गेले. परत पुढे आले. "जरासं. आणखी जरासं. हात सोडा आता, सरळ होऊ दे त्याला. बास!" मास्तरांनी इंजीन बंद केलं. त्याबरोबर खुर्च्या गर्रकन फिरल्या आणि अशा टाळ्या पडल्या की तळ्यातली बदकं उडाली. मास्तर खाली उतरले ते रुबाबात. घाम पुसला, हात जोडले, अध्यक्षीय भाषण करायच्याच बेतात होते, तेवढ्यात त्यांची नजर बायकोवर गेली.

ती टाळ्या वाजवत होती. मनापासून वाजवत होती. पण तिच्या मागे, झाकण उघडल्यावर खिडकी जिकडे येणार होती तिकडे, मैदानाच्या संडासाची भिंत होती. मास्तरांनी ट्रेलर सोप्या बाजूने आत घातला होता. बिछान्याची खिडकी पाण्याकडे यायची तर तो पलीकडून, झाडाच्या बुंध्याला चाटून, तळ्याच्या दिशेने मागे न्यायला हवा होता. त्या बाजूला जागा कमी, आणि चुकलं तर मागे पाणी.

"राहू दे हो," बायको हळूच म्हणाली. "लागला ना? खूप झालं. भिंत तर भिंत."

भिंत म्हणताना तिचा आवाज जराही हलला नाही. भिंतींची सवय होती तिला. मास्तर मात्र हलले. परत गाडीत बसले आणि त्यांनी इंजीन चालू केलं.

टण् टण् टण्. खुर्च्या पुन्हा पाण्याकडे फिरल्या.

बेकरीवाली खिडकीपर्यंत आली, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आता मीपण तिकडेच बघते." आणि खरंच ती खुर्चीत जाऊन पाठ करून बसली. मैदानात मास्तरांकडे बघणारं एकच माणूस उरलं.

मास्तर बाहेर आले, वळसा घातला, झाडापलीकडून तोंड धरलं. हात खाली. डावीकडे थोडा. बुंधा आरशात इतका मोठा दिसू लागला की त्याच्यावरच्या मुंग्या मोजता याव्यात. मास्तर थांबले. पुढे आले. कुणी विचारलं नाही. परत मागे. ट्रेलर सरळ रेषेत येऊ लागला, आणि आता आरशात झाड नव्हतं, नुसतं चकाकणारं पाणी होतं, जवळ येणारं. पाय आपोआप ब्रेककडे निघाला. पण बायकोने हात वर केला नव्हता; ती हाताने 'या, या' करत होती. मास्तरांनी सगळ्या आयुष्यात बायकोच्या सांगण्यावर गाडी मागे घेतली नव्हती. त्यांनी पाय आवरला आणि आणखी मागे घेतली. मग तिचा हात वर गेला.

इंजीन बंद झालं. खुर्च्या वळल्या. या वेळी टाळ्या नाही पडल्या, प्लंबर नुसताच मग उंच करून "चहा कोण आणणार मास्तरांसाठी?" म्हणाला, आणि चहा आणायला एकदम चार माणसं उठली.

बायकोने झाडाखालूनच भावाला फोन लावला. "अरे, तुझ्या सँडविचसाठी दुसरी गाडी बघ."

"का गं ताई? जमलं की काय भाऊजींना?"

"दोनदा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग जे ज्ञानदान सुरू झालं! तंबू ओला असताना गुंडाळला की कापडाला बुरशी येते, हे एकाने सांगितलं. घरी अंगणात मास्तरांनी तो ओलाच गुंडाळला होता, म्हणून मास्तरांनी विषय बदलला. चाकाच्या आतलं ग्रीस कधी बघायचं, ते दुसऱ्याने चाक काढून दाखवलं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर काचेची छोटी गोल डबी होती, तिच्यात पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. मास्तर सहलीत तिच्यावरून उत्तर दिशा काढत. प्लंबरने त्यांना बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की ते होकायंत्र नाही, ट्रेलर सपाट उभा आहे की नाही ते दाखवायचं साधन आहे.

"तरीच," मास्तर म्हणाले. "उत्तर दरवेळी बदलायची."

यावर हसायला रीतीची बंदी नव्हती. सगळ्यात जास्त मास्तरच हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की आपली अब्रू जाऊन बराच वेळ झाला आहे आणि तिच्यावाचून फारच हलकं वाटतंय. मग बेकरीवालीने लाजत लाजत विचारलं, की चढावर थांबून परत निघताना तिची गाडी अजून मागे घसरते, ते कसं टाळायचं. मास्तरांच्या डोळ्यांत असं तेज आलं! दिवस मावळेपर्यंत निम्मं मंडळ मैदानाच्या चढावर गाड्या घेऊन उभं होतं आणि तळ्याच्या चारही काठांवर 'क्लच!' घुमत होतं.

सकाळी बायकोला जाग आली ती कसल्याही घंटेशिवाय. तिने डोळे उघडले. खिडकी होती, आणि खिडकीत काठापासून काठापर्यंत पाणी, त्यावर नुकतं पडलेलं ऊन, ऊन कापत जाणारी दोन बदकं. ती उठली नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून नुसती बघत राहिली. इस्पितळाच्या खोलीत लोकांना श्वास रोखायला सांगणारी ती बाई, आपण श्वास घेतोय की नाही हेही विसरली.

मास्तर कधीचे उठले होते. शेगडीवर चहा करून, दोन मग घेऊन ते खिडकीबाहेर येऊन उभे राहिले, कौतुक ऐकायला. केस विंचरलेले, छाती पुढे, चेहऱ्यावर 'मी म्हणालो नव्हतो का!'

"अहो," आतून आवाज आला.

"हं?"

"बाजूला व्हा ना जरा. पाणी दिसत नाहीये."

मास्तर बाजूला झाले.